बाळंतपण कुणी करायचं?

गेल्या महिन्यात आमच्या उपनगरातल्या व्याख्यानमालेत एक निवृत्त अधिकारी बोलले. विषय कुपोषणाचा होता. गृहस्थ सज्जन आहेत, आदिवासी भागात काही वर्षं नोकरी केलेले आहेत, बोलतातही छान. तासाभराच्या भाषणाचा गाभा असा: योजनांना तोटा नाही, पैशाला तर नाहीच. तोटा आहे तो जाणिवेचा. गर्भारपणी काय खावं, दवाखान्यात कधी जावं, बाळाला काय पाजावं, दोन मुलांत अंतर किती ठेवावं, हे या बायांना कळत नाही. कळलं तरी वळत नाही. हातात पैसे दिले तर नवरा दारूत घालतो, आणि पैशाच्या आशेनं पोरं मात्र वाढतात. तेव्हा अनुदानं पुरे, आता प्रबोधन हवं. टाळ्या पडल्या. मीही शेजारधर्म म्हणून दोन वाजवल्या. त्या दोन टाळ्या परत घेण्यासाठी हा लेख.

नंतर चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, वहिनी दिसत नाहीत? तर म्हणाले, ती न्यू जर्सीला आहे, धाकटीचं बाळंतपण करायला. सहा महिन्यांचा व्हिसा मिळालाय, पुरता वसूल करून येईल. डिंक, अळीव, सुंठ, बाळंतकाढा, सगळं बॅगेत बसवताना नाकी नऊ आले म्हणे. सगळे हसले. मीसुद्धा हसले, कारण माझ्या आईनंही माझ्यासाठी हेच केलं होतं. फक्त विमानाऐवजी एसटीनं येऊन.

यात वावगं काही नाही. पण मराठी भाषेनं इथं एक फार नेमकी गोष्ट करून ठेवली आहे. बाळंत होणं वेगळं आणि बाळंतपण करणं वेगळं. बाळंत बाई स्वतः होते. बाळंतपण तिचं दुसरं कुणीतरी करतं. आई करते, सासू करते, नाहीतर मोठी बहीण रजा टाकून येते. ‘मी माझं बाळंतपण केलं’ हे वाक्य मराठी कानाला चुकीचं लागतं आणि चुकूनमाकून कुणी म्हटलंच, तर ते तिच्या हालांचं वर्णन असतं. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना पाण्यात हात नाही, शेक-शेगडी, मालिश, तुपाचा भात. यातल्या निम्म्या गोष्टींना वैद्यकशास्त्राचा आधार नसेल, काही तर अपायकारकही असतील. शेगडीच्या धुरानं कोंडलेली बाळंतिणीची खोली मीही पाहिलेली आहे. पण त्या सगळ्याचं सार एकच होतं: बाईला काही आठवडे कामातून सोडवणं. ज्यांच्या घरी हे परवडत होतं त्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलं आणि त्याला संस्कृती म्हटलं.

वक्त्यांची लेक उच्चशिक्षित असणार. कितव्या आठवड्यात बाळाला कान फुटतात हे तिला फोन सांगत असणार. प्रबोधनानं भागत असतं तर तिच्या आईला सहा महिने घरदार सोडून जायची गरज नव्हती. गेल्या, कारण रात्री तीन वाजता रडणारं बाळ खांद्यावर घेऊन जाणीव फेऱ्या मारत नाही. त्याला माणूस लागतं, वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाच्या तरी पैशातून यावा लागतो.

आता दुसरी बाजू.

बीड जिल्ह्यातल्या एका गावात, दिवाळीच्या आधी, अंगणवाडीत गरोदर बायांची बैठक चालू होती. भिंतीवर तिरंगा थाळीचा तक्ता: केशरी, पांढरं, हिरवं असं तीन रंगांचं अन्न रोज ताटात हवं. सेविका मन लावून सांगत होती, दुपारी दोन तास डाव्या कुशीवर झोपा. एक बाई हसून म्हणाली, “ताई, दुपारच्यालाच तर गाडी भरायची असती.” पंधरवड्यात ती ऊसतोडीला निघणार होती. तिला डावी कूस ठाऊक होती. दोन तास नव्हते.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडीच्या नावावर, आणि ती फिटते तोडलेल्या टनावर. एक दिवस काम चुकलं की खाडा. खाड्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड लागल्याच्या तक्रारी सरकारी समितीपुढेही आल्या. अशा हिशोबात गर्भारपण हाच एक लांबलचक खाडा ठरतो. मासिक पाळीसुद्धा खाडा ठरते. म्हणूनच 2019 मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी फुटली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पाहणी केली, तेव्हा 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची ‘पिशवी’ काढलेली निघाली. सहा जणींमागे एक. त्यातल्या कित्येकींना सांगितलं गेलं होतं की कॅन्सर होईल. हे अज्ञान म्हणायचं का? म्हणू. पण अज्ञान कुणाचं भांडवल झालं हेही मग म्हणावं लागेल. आणि ज्या बाईनं सगळं समजून-उमजून, पाळीच्या चार दिवसांचे खाडे वाचावेत म्हणून पिशवी काढली, तिचं प्रबोधन नेमकं कोणत्या मुद्द्यावर करणार? तिचं गणित बरोबर होतं. गणितच तिला तसं घालून दिलं होतं.

हंगामात ऊसतोड बाई कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते. तिची नोंद गावच्या अंगणवाडीत, तिचं माता-बाल संरक्षण कार्ड पत्र्याच्या पेटीत, आणि ती स्वतः कारखान्याच्या पल्ल्यात, दोन जिल्हे पलीकडे. पाचटावर धडपा टाकून त्यावर लेकरू निजवलेलं असतं. लसीची तारीख उलटून जाते. मग गावी परतल्यावर तिलाच विचारलं जातं, बाई, डोस का चुकवला?

पैशाला तोटा नाही, असं वक्ते म्हणाले. बघू. अन्नसुरक्षा कायदा 2013 मध्ये झाला. त्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6000 रुपये मातृत्वलाभ मिळेल. सरकारी नोकरीतल्या आणि इतर कायद्यानं असाच लाभ मिळणाऱ्या बायका तेवढ्या वगळून. यावर देशभराची योजना यायला 2017 उजाडलं. प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली ती 5000 रुपयांची, आणि फक्त पहिल्या जिवंत अपत्यापुरती. कायद्यात ‘प्रत्येक’ होतं, योजनेत ‘पहिलं’ झालं. उरलेली रक्कम जननी सुरक्षेच्या अनुदानातून भरून निघते असं समजायचं. महाराष्ट्रात ते अनुदान ग्रामीण बाईला 700 रुपये आहे. 2022 पासून दुसऱ्या अपत्यालाही लाभ मिळू लागला, पण मुलगी झाली तरच. हेतू चांगला असेल. पण दुसऱ्या खेपेला मुलगा झाला म्हणून आईच्या अंगातलं रक्त कमी वाहत नाही.

5000 म्हणजे किती? 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे सोळा दिवसांची मजुरी. सोळा दिवसांत सव्वा महिन्याचे अर्धेही दिवस भरत नाहीत. आणि या सोळा दिवसांसाठी काय काय लागतं? पहिल्या सहा महिन्यांत नोंदणी आणि तपासणी, मग बाळाचा जन्मदाखला, मग लसींची पहिली फेरी, आधार, आधारला जोडलेलं खातं. लग्न होऊन आलेल्या मुलीच्या आधारवर माहेरचं नाव आणि माहेरचा पत्ता असतो. पैसे शेवटी आधारशी जोडलेल्या खात्यात पडतात, आणि ते खातं कधीतरी शाळेत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, तालुक्याच्या गावचं, बंद पडलेलं असतं. अशा एका पोरीबरोबर मी बँकेत दोनदा गेले आहे. दुसऱ्या खेपेला तिचं बाळ मांडी घालून बसायला लागलं होतं.

आता हे संघटित क्षेत्रातल्या बाईशी ताडून पाहा. 2017 च्या दुरुस्तीनं तिला 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. योग्यच झालं, मी त्यातला एक दिवसही कमी करा असं म्हणणार नाही. पण गंमत पुढे आहे. नोकरदार बाईला दोन मुलं असतील आणि तिसरं झालं, तरीही 12 आठवडे पूर्ण पगारी रजा आहे. दुसरा मुलगा की मुलगी, हे तिला कुणी विचारत नाही. ती पगाराच्या पैशाचं काय करते, नवरा संध्याकाळी कुठं बसतो, यावर आजवर एकाही व्याख्यानमालेत चर्चा झालेली माझ्या ऐकिवात नाही. तिच्या पैशाला ‘हक्क’ म्हणतात. शेतमजूर बाईच्या पैशाला ‘अनुदान’ म्हणतात, आणि हल्ली तर रेवडी म्हणतात. एकाच गर्भाशयाला दोन हिशोबवह्या.

पैसे दिले की पोरं वाढतात, या भीतीबद्दल तामिळनाडूला विचारावं. तिथं डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावानं मातृत्व साहाय्य योजना 1987 पासून आहे. सुरुवात 300 रुपयांनी झाली. 2006 मध्ये 6000, 2011 मध्ये 12,000, 2018 मध्ये वस्तूंच्या संचासह 18,000. दोन बाळंतपणांपुरती, हे खरं. या काळात तिथला जननदर एकंदरीत उतरला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तो 1.8 होता, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवायला लागतो त्याहूनही कमी. कुठलीही बाई अठरा हजारांसाठी नऊ महिने ओझं वाहून वर अठरा वर्षांचा खर्च अंगावर घेत नाही. इतका कच्चा व्यवहार गरीब माणसाला परवडतच नाही.

दारूचं मात्र मी झटकून टाकत नाही. दारू आहे, पुष्कळ आहे, आणि तिनं किती घरं बुडवली हे गडचिरोलीच्या बायांना विचारावं. तिथं दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्याही त्याच होत्या. पण दारुडा नवरा हे बायकोच्या हाती पैसे न देण्याचं कारण कसं होतं, ते मला उमगत नाही. उलट झालं पाहिजे.

गडचिरोलीचं नाव निघालं आहे, तर माझ्या विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दाही मीच मांडते. ‘सर्च’ संस्थेचे अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. दवाखाना नाही, डॉक्टर नाही, गावातलीच थोडंफार शिकलेली बाई आरोग्यदूत. मग बघा, शिक्षणानंच झालं की नाही? असं वक्ते म्हणतील, आणि अर्धं बरोबर म्हणतील. पण त्या बाईच्या पिशवीत काय होतं ते पाहा. वजनकाटा होता, थर्मामीटर होतं, बाळाला ऊब द्यायची झोपायची पिशवी होती, श्वास देण्याचं साधन होतं, आणि जंतुदोषावर टोचायचं जेंटामायसिनही होतं. ती बाळंतपणाला स्वतः हजर राहायची, नंतर महिनाभर घरी येत राहायची. शिकवलं आईलाही, नाकारत नाही. पण बाळ जगलं ते तक्त्यामुळे नव्हे. ज्याला शिकवलं होतं ते माणूस औषध घेऊन मध्यरात्री झोपडीत हजर होतं म्हणून.

सरकारनं हा प्रयोग उचलला. 2011 पासून देशभर आशा ताई नवजात बाळाच्या घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सहाही भेटी पुऱ्या झाल्या की मोबदला 250 रुपये. एका भेटीचे बेचाळीस रुपयेसुद्धा होत नाहीत. इंजेक्शनचा भाग बहुतेक ठिकाणी गळूनच गेला, राहिली भेट आणि भरायचा फॉर्म. जी बाई दुसरीचं बाळंतपण करायला दारोदार जाते, तिला सरकार नोकर मानत नाही, स्वयंसेविका म्हणतं. आणि मातृवंदनेच्या नव्या निकषांत, लाभाला पात्र असलेल्या गरीब बायांच्या यादीत, आशा आणि अंगणवाडी सेविका यांचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे आपण त्यांना काय देतो हे सरकारला नीट ठाऊक आहे.

मेळघाटाकडे येऊ, कारण ‘अडाणी आई’चं चित्र रंगवायला सगळे तिथंच जातात. पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाचा डंबा देतात, भुमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैद्याकडे, नेतात, दवाखान्यातून रात्रीत पळून जातात. हे घडतं. डंब्याचे व्रण पाहिले की पोटात कालवतं आणि त्याचं समर्थन करणारी मी नव्हे. पण मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीचा दवाखाना घाटातून दीडशेएक किलोमीटर. आई दवाखान्यात राहिली तर घरी दोन लेकरं आणि बकऱ्या कोण बघणार? तिथं तिच्याशी कोरकूत बोलायला कुणी आहे का? बरोबर आलेल्या सासूला जेवण कोण देणार? भुमका गावात आहे, रात्रीही भेटतो, तिच्या भाषेत बोलतो आणि उधारीवर चालतो. आपण उघडं ठेवलेलं दुसरं दार तिनं पाहिलंच नाही असं नव्हे. ते दार बरेचदा कुलूपबंद होतं.

आणि जेव्हा ते उघडलं तेव्हा याच बाया आल्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं 2011 पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण, नेणं-आणणं मोफत केलं. 108 आणि 102 च्या गाड्या फिरू लागल्या. 2019-21 च्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. अंधश्रद्धा एवढ्या वेगानं नाहीशी होत नसते. गाडी आली, एवढंच झालं. राज्यानं आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांत गरोदर बाईला आधीच येऊन राहता यावं म्हणून खोली बांधली, तिचं नाव ठेवलं ‘माहेरघर’, आणि तिथल्या मुक्कामासाठी बुडीत मजुरीही मान्य केली. ज्या कुणी कारकुनानं किंवा अधिकाऱ्यानं हे नाव आणि ‘बुडीत मजुरी’ हा शब्द फायलीत आणला, त्याला माझा नमस्कार. त्याला प्रश्न कळला होता. तसंच अमृत आहाराचं. 2015 पासून आदिवासी भागात शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर आणि बाळ सहा महिन्यांचं होईतो स्तनदा बाईला अंगणवाडीत एक वेळ गरम चौरस जेवण. सुरुवातीचा दर ताटामागे 22 रुपये, मग 25, पुढे 35. अंडं, डाळ, भाजी, भात, भाकरी यात बसवून दाखवायची जबाबदारी सेविकेची. तरीही हे ताट मला कुठल्याही तक्त्यापेक्षा मोलाचं वाटतं. तिनं पाकीट घरी नेलं तर ते सगळ्यांत वाटलं जातं. ताटात वाढलेलं निदान तिच्या पोटात जातं.

महाराष्ट्राचा मातामृत्यूदर 2018-20 मध्ये लाखामागे 33 होता, देशाचा 97. वक्त्यांनी हा आकडा अभिमानानं सांगितला, आणि अभिमान वाटावा असाच तो आहे. फक्त ती सरासरी आहे. पुण्याची बेरीज आदिवासी अक्कलकुव्याच्या वजाबाकीवर पांघरूण घालते. त्याच राज्यात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी, आणि पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं उंचीनं खुरटलेली. आपण बायांना मरू देत नाही इतपत मजल मारली आहे.

व्याख्यानात एक वाक्य ‘विशिष्ट समाजा’बद्दलही होतं. नाव न घेता. चार-चार पोरं, शिक्षण नाही, मग कुपोषण होणारच. सभागृहात माना डोलल्या, म्हणून त्याचाही समाचार घेते. मुस्लिम बायांचा देशातला जननदर 1992-93 मध्ये 4.4 होता, 2019-21 मध्ये 2.4 च्या खाली आला. सगळ्या धर्मांत सर्वांत मोठी घट ती. दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. सरासरीनं अधिक गरीब आणि कमी शिकलेल्या असूनही, कित्येक दशकं भारतात मुस्लिम आयांची बाळं हिंदू आयांच्या बाळांपेक्षा जास्त जगत आली. अर्थशास्त्रज्ञ या कोड्यानं बरेच दिवस चक्रावले होते. 2018 मध्ये मायकेल जेरुसो आणि डीन स्पीअर्स यांनी दाखवलं की या फरकाचा मोठा भाग शौचालयांनी उलगडतो: मुस्लिम कुटुंबं आणि त्यांचे शेजारी संडास अधिक वापरत, उघड्यावर कमी जात. मुस्लिम वस्तीत राहणाऱ्या हिंदू कुटुंबाच्या बाळालाही त्याचा फायदा मिळे. म्हणजे आईचा धर्म, तिचं ‘वळण’, तिची ‘मानसिकता’ या सगळ्या गप्पांच्या पलीकडे वस्तीतली घाण बाळाला मारत होती. वक्त्यांना हे ठाऊक नसेल. मग प्रबोधन कुणाचं करायचं?

आता शहरातल्या आईकडे येऊ. भिवंडी-मालेगावात यंत्रमागासाठी कांड्या भरणारी, गोवंडीत घरी बसून साडीला टिकल्या चिकटवणारी बाई नगावर पैसे घेते. तिला मालक असा नाहीच; एक माणूस माल टाकून जातो, एक घेऊन जातो. रजा मागायची कुणाकडे? बाळंत झाल्याच्या आठव्या दिवशी ती एका हातानं झोळी हलवत दुसऱ्या हातानं टिकल्या लावते, कारण माल परत गेला तर पुढचा येत नाही. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराखाली राहणाऱ्या त्या बाईला स्तनपानाचे फायदे समजावून सांगणाऱ्याला मी हात जोडते. ती पाजतेच आहे. तिला दूध येईल इतकं जेवण आणि पाजायला बसेल इतका वेळ, एवढंच कमी आहे.

सगळ्यात कोवळ्या आयांबद्दल तर कुठलाच वक्ता बोलत नाही. महाराष्ट्रात विशीच्या सुरुवातीच्या बायांपैकी 21.9 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. अशी पोर सतराव्या वर्षी गरोदर राहिली तर मातृवंदना तिला नाही. लाडकी बहीण योजना तर एकविसाव्या वर्षापासून. दवाखान्यात नाव घातलं तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक, म्हणून घरचे तिला दवाखान्यात नेतच नाहीत किंवा वय खोटं सांगतात. कायदा चुकीचा असं माझं म्हणणं नाही. पण जिला सगळ्यात जास्त धोका तीच नेमकी सगळ्या याद्यांतून वगळली जाते, यावर प्रबोधनवाल्यांकडे काही उत्तर असेल तर मला ऐकायचं आहे.

‘आमच्या आज्या शेतात बाळंत व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी खुरप्याला’ हा शेवटचा मुद्दा एका श्रोत्यानं उठून मांडला. माझी आजीही सांगायची. नऊ बाळंतपणं, वाचली पाच. बाकीच्यांची नावं तिनं कधी घेतली नाहीत.

जुलै 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांसाठी प्रसूतिलाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि म्हणून या खर्चाचा वाटा सरकारनंही उचलला पाहिजे, असं त्यांचं प्रतिपादन होतं. पुढच्या वर्षी कायदा झाला. शंभर वर्षं होत आली. या शंभर वर्षांत कापसाच्या गिरण्या बंद पडल्या, उसाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. कोयता हातात घेतलेली बाई अजून त्या कायद्याच्या बाहेरच आहे.

खर्चाचं काय, असा प्रश्न येईलच, म्हणून पाटी-पेन्सिल घेऊन बसले. महाराष्ट्रात ढोबळमानानं वर्षाला 18 लाख बाळं जन्मतात असं धरू. त्यातल्या निम्म्या आया गरीब आणि असंघटित कामातल्या, असंही धरू. नोकरदार बाईसारखे 26 आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, 312 रुपयांनी: एका बाईला 48,672. नऊ लाख बायांचे साधारण 4380 कोटी. आकडा मोठा आहे. लाडकी बहीण योजनेसाठी 2025-26 च्या अर्थसंकल्पात 36,000 कोटींची तरतूद होती. हा त्याच्या आठव्या हिश्शाहून थोडा कमी. माझ्या गृहीतकांत चूक असेल, कुणी दुरुस्त करून द्यावी. पण पैसाच नाही असं कुणी म्हणू नये. आणि पैसा आहेच, असं तर वक्तेच म्हणाले होते.

त्या संध्याकाळी निघताना मी त्यांना एवढंच विचारलं, की इतके पैसे खरोखर दिले तर तुमच्या मते बाई काय करील? ते म्हणाले, “तोच तर प्रश्न आहे ना. काय करणार ती?”

काही नाही करणार. सव्वा महिना पाण्यात हात घालणार नाही. सासूला कामावरून दोन महिने घरी ठेवून घेईल, किंवा माहेरी जाईल आणि भावजयीच्या हातावर धान्याचे पैसे ठेवील, म्हणजे तिथंही मान खाली घालावी लागणार नाही. एक कोयता यंदा अर्धाच जाईल. दुपारी दोन तास डाव्या कुशीवर झोपेल.